नागपुरी संत्र्याची पेटी: फळाला पूर्ण मार्क, डब्यावरच्या 'ऑरेंज'ला नाही

ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, घ्या. फळ खरंच चांगलं आहे, चव आहे, वास आहे, पैसे वसूल होतात. माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार कापलाय तो डब्यावर छापलेल्या नावासाठी आणि त्याचं कारण जरा लांबलचक आहे, कारण त्या नावाच्या मागे लागलो तर ते केरळातून इराणात, तिथून स्पेनमध्ये आणि पोर्तुगालच्या जहाजातून परत आपल्याकडे असं फिरत राहतं. वेळ असेल तर पुढे वाचा, नसेल तर सरळ शेवटचे दोन पॅरा बघा, पेटी घरी आल्यावर काय करायचं ते तिथे लिहिलंय.

पेटी विदर्भातल्या वरूडकडच्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटाकडून मागवली. गटाचं नाव देत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि ही माणसं मनापासून काम करतायत, उगाच कुणाचं नाव खराब व्हायला नको. फोनवर मेसेज करायचा, पैसे यूपीआयने पाठवायचे, पेटी पुण्यात घरपोच. ५ किलोचे ७०० रुपये, डिलिव्हरी धरून. मंडईत याच्यापेक्षा स्वस्त मिळतात हे मान्य, पण तिथल्या ढिगात वरची फळं एक आणि खालची दुसरीच असं खूपदा होतं, इथे वरपासून खालपर्यंत माल सारखा होता. पॅकिंग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मध्ये कागदाच्या पट्ट्या, प्लास्टिक अजिबात नाही, हे मला फार आवडलं. दोन-तीन फळं मऊ पडली होती, ते एवढ्या लांबच्या प्रवासात चालायचंच. वजन घरच्या काट्यावर बरोबर भरलं.

आता फळ. हा अंबिया बहाराचा माल आहे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला फूल येतं आणि फळ दिवाळीच्या आसपास ते डिसेंबरपर्यंत उतरतं. दुसरा असतो मृग बहार, त्याला फूल पावसाच्या सुरुवातीला येतं आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिल. अंबियाचं फळ थोडं आंबटसर, मृगाचं जास्त गोड, आणि ज्यांना आंबटगोड आवडतं (मला आवडतं) त्यांनी अंबियाच खावा असं माझं स्पष्ट मत. साल ढिली, नख लावलं की सुटते, सोलताना हाताला जो तेलाचा वास येतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. पाकळ्या एकमेकींपासून सहज वेगळ्या होतात, आतला रस भरपूर, बिया आहेत पण त्रास होईल इतक्या नाहीत. बऱ्याच फळांवर हिरवट झाक होती आणि ते बघून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी 'अहो हे कच्चे पाठवलेत तुम्हाला' असं जाहीर करून टाकलं. तर ते कच्चे नव्हते. संत्र्याची साल केशरी व्हायला रात्री गारठा लागतो, थंडी पडली की सालीतला हिरवा रंग उतरतो, आणि अंबियाचं फळ थंडी नीट पडायच्या आतच पिकतं, म्हणून आत पिकलेलं आणि वरून हिरवट असं होतं. बाजारात सगळी एकजात केशरी दिसतात त्यातली बरीच इथिलीन गॅस देऊन रंग आणलेली आणि वरून मेण लावून चमकवलेली असतात. या पेटीतली तशी नव्हती. जशी झाडावरून उतरली तशी आली.

इथपर्यंत सगळं मस्त. आता डबा बघा.

समोर भल्यामोठ्या अक्षरांत 'फ्रेश ऑरेंज'. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात 'नागपूर मँडरिन'. मेसेजमध्ये जे रेटकार्ड येतं त्यात 'संत्रा', आणि त्याच रेटकार्डाच्या हिंदी कॉपीत 'नारंगी'. एकाच फळाची चार नावं, आणि कुठला बहार ते कुठेच नाही. तुम्ही म्हणाल त्याने काय फरक पडतो, फळ तर तेच आहे. फरक पडतो. माझ्या वहिनीने एका किराणा ॲपवर 'ऑरेंज' मागवलं तर किन्नो आला, नंतर पुन्हा मागवलं तर इजिप्तचा जाड सालीचा गोळा आला, जो सोलायला सुरी लागते. दोन्ही वेळा बिलावर शब्द एकच, ऑरेंज. मोर्शीची मामी तेव्हा आलेली होती, तिने पिशवीत हात घातला आणि फळ न सोलताच म्हणाली, 'हे काय संत्रे होय का बाप्पा, हे तं किन्नो हाय!' तिला सालीवरूनच कळलं. किन्नोची साल अंगाला घट्ट बसलेली, गुळगुळीत, चकचकीत, रंग गडद, आणि आत बियाच बिया. नागपुरी संत्र्याची साल सैल, जरा खडबडीत, दाबलं तर आत थोडी पोकळी जाणवते. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळेल.

किन्नो वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यूसला तो छानच. पण तो वेगळा आहे, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात 'किंग' आणि 'विलो लीफ' अशा दोन जातींचा संकर करून तो तयार केला, १९३५ मध्ये बाहेर आला, नाव पण त्या दोन नावांचे तुकडे जोडून केलेलं, आणि नंतर तो पंजाब-राजस्थानात इतका रुजला की आता अबोहर आणि गंगानगर म्हणजे किन्नोच. त्याला किन्नो म्हणून विका की. लोक घेतील. नागपुरी संत्र्याच्या भावात, नागपुरी संत्र्याच्या नावाखाली का विकता.

तर हा सगळा घोळ 'ऑरेंज' या एका शब्दाने केलाय आणि गंमत म्हणजे तो शब्द मूळचा आपल्याच बाजूचा आहे. नारिंग, नारिंगी, तोच तो. संस्कृतात 'नारंग' आहे, पण तो संस्कृतात द्राविड भाषांमधून आला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात, तमिळमध्ये आजही 'नारत्तै' नावाचं आंबट-कडवट फळ आहे ज्याचं लोणचं घालतात. आणि मल्याळममध्ये? तिथे 'नारंगा' म्हणजे चक्क लिंबू. केरळात उन्हातान्हात फिरताना 'नारंगावेळ्ळम्' मागितलं तर समोर लिंबू सरबत येतं, संत्र्याचा त्यात थेंब नाही. तेलुगूत मात्र 'नारिंज' म्हणजे संत्र्याकडचं फळ. दोन्ही दक्षिणेतल्याच भाषा, शब्द एकच, एकीकडे लिंबू एकीकडे नारिंग. यावरून मला असं वाटतं की सुरुवातीला हा शब्द एका ठराविक फळाचा नसणारच, या आंबट वासाच्या सगळ्या कुटुंबाचा असेल, मग ज्याच्या अंगणात जे झाड होतं त्याने ते नाव त्याला लावलं.

इथून तो पश्चिमेला निघाला. फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज'. पण लक्षात घ्या, अरबांनी जे फळ भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली आणि स्पेनपर्यंत नेलं ते गोड नव्हतं, ते कडू-आंबट होतं, तेच जे आज स्पेनमध्ये सेव्हिलच्या रस्त्यांवर झाडाला लगडलेलं दिसतं आणि ज्याचा इंग्रज लोक मार्मलेड करतात. फळाबरोबर शब्द गेला. स्पॅनिशमध्ये 'नारान्हा', हंगेरियनमध्ये 'नारांच', पोर्तुगीजमध्ये न चा ल होऊन 'लारांजा'. इटालियन आणि फ्रेंचमध्ये मात्र सुरुवातीचा न गळूनच गेला, कारण त्यांच्याकडे 'एक' साठी जो 'उन' लावतात त्याच्या शेवटी न आहे, दोन न एकमेकांना चिकटले आणि लोकांना वाटलं शब्द 'न' नंतरच सुरू होतो, झालं, 'आरांचा'. फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात त्याचाही परिणाम झाला असं मानतात आणि 'ओरांज' तयार झालं, आणि ते इंग्रजांनी उचललं. म्हणजे वरूडच्या डब्यावरचा 'ऑरेंज' हा नारंगच आहे, फक्त जगाला वळसा घालून, वाटेत न गमावून परत आलेला. मला हे वाचून खरंच भारी वाटलं होतं, आणि मग लगेच वाईट पण वाटलं की आपण आपला धड शब्द सोडून हा वाटेत झिजलेला डब्यावर छापतोय.

रंगाचं पण तेच. इंग्रजीत ऑरेंज हे आधी फळाचं नाव, रंगाला ते १६व्या शतकात मिळालं, त्याआधी त्या रंगाला पिवळा-तांबडा असंच काहीतरी म्हणायचे. आपल्याला ती अडचण कधीच नव्हती, केशरी आहे, भगवा आहे, नारिंगी आहे, आणि तिन्ही वेगवेगळे, साडीच्या दुकानात नारिंगी मागितली आणि भगवी दाखवली तर आई उठून दुसऱ्या दुकानात जाईल.

एक भानगड डच लोकांची. त्यांची फुटबॉल टीम केशरी जर्सी घालते, त्यांच्या राजघराण्याचं नावच ओरांजे. बऱ्याच जणांना वाटतं फळावरून. तर ते नाव फ्रान्सच्या दक्षिणेतल्या ऑरेंज नावाच्या गावावरून आलंय आणि त्या गावाचं जुनं नाव अराउसिओ, फळाशी काही संबंध नाही. उच्चार सारखा झाला म्हणून रंग चिकटला. आणि फळाला डच लोक ऑरेंज म्हणतच नाहीत! ते म्हणतात 'सिनासआपल', म्हणजे चीनचं सफरचंद. उत्तर जर्मनीत 'आप्फेलझीने', रशियनमध्ये 'अपेल्सीन', सगळ्यांचा अर्थ तोच, चिनी सफरचंद. कॅरेबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोमध्ये तर गोड संत्र्याला नुसतं 'चिना' म्हणतात.

चीन कुठून आला? तर गोड फळ मूळचं त्या बाजूचं. कडू नारंज युरोपात आधीपासून होतं, गोड जात नंतर आली, आणि १६व्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी पूर्वेकडून जी गोड जात नेली ती इतकी आवडली की लोकांना वेगळं नाव लागलं. जुनं नारंज कडू फळाला अडकलेलं होतं ना. मग नव्या फळाला काय म्हणायचं, तर जो आणतो त्याचं नाव. अरबीत 'बुर्तुकाल', तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', रोमानियनमध्ये 'पोर्तोकाला', फारसीत 'पोर्तेगाल', इथिओपियात 'बिर्तुकान'. सगळं पोर्तुगाल पोर्तुगाल. दुबई-शारजाला राहणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असेल, तिथे दुकानात अरबीत बुर्तुकालच लिहिलेलं असतं. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये काय म्हणतात, तर लारांजा, म्हणजे आपलं नारंग! अर्धं जग ज्यांच्या नावाने हे फळ ओळखतं ते स्वतः त्याला आपल्या नावाने ओळखतात. मला या सगळ्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

फारसीवाल्यांनी तर फार नीट वाटणी केलीय. कडू ते 'नारंज', गोड घट्ट सालीचं ते 'पोर्तेगाल', आणि सैल सालीचं, हाताने सोलायचं ते 'नारंगी'. तीन फळं, तीन शब्द, ग्राहकाची फसवणूक शून्य. ग्रीकमध्ये पण कडू 'नेरांत्झी' वेगळं आणि गोड 'पोर्तोकाली' वेगळं. तुर्कीत संत्रं-लिंबू-मोसंबं या सगळ्या फळांना मिळून 'नारेंजिये' म्हणतात, म्हणजे तिकडे नारंग सगळ्या खानदानाचं आडनाव झालं.

आता आपल्याकडे या. पोर्तुगीज इथे पण होतेच की, १४९८ ला कालिकत, १५१० ला गोवा. तिकडच्यांनी गोड फळाला पोर्तुगाल म्हटलं, आपण काय म्हटलं? मोसंबी. मोझांबिकवरून, जी पोर्तुगीजांची आफ्रिकेतली वसाहत, गोव्याच्या वाटेवरचा त्यांचा मुक्काम. उत्तरेत माल्टा म्हणतात, तो भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरून, आणि आता पुण्या-मुंबईचे फळवाले पण परदेशी घट्ट सालीच्या फळाला माल्टाच म्हणतात. इंग्रजीतलं टँजरिन मोरोक्कोच्या टँजियरवरून, सात्सुमा जपानच्या सात्सुमा प्रांतावरून, बंगालीत पपनसाला 'बाताबी लेबू' म्हणतात ते बटाव्हियावरून, म्हणजे आजचं जकार्ता. या फळांना कुणी झाडाचं नाव दिलंच नाही, जिथून जहाज किंवा पेटी आली त्या गावाचं दिलं. नागपुरी संत्रा म्हणतो आपण, ते त्यातलंच.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा. जगात 'ऑरेंज' म्हणून जे विकलं जातं, नेव्हल म्हणा व्हॅलेन्सिया म्हणा, टेट्रापॅकमधला ऑरेंज ज्यूस म्हणा, ते सिट्रस सायनेन्सिस, आणि आपली मोसंबी त्याच जातीतली, सख्खी बहीण म्हणा ना. घट्ट साल, सुरी लागते, पाकळ्या सुटत नाहीत. नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, वेगळीच जात. म्हणजे भाषांतरच करायचं झालं तर ऑरेंजला मराठी शब्द मोसंबी जास्त जवळचा, संत्रं नाही. परदेशातला माणूस डब्यावर ऑरेंज वाचून नागपुरी संत्रं हातात घेईल तर त्याला वाटेल हे पिलपिलीत काय, साल सुटलेली, खराब झालंय. अहो ते खराब नाही, ते असंच असतं आणि म्हणूनच ते चांगलं असतं! चुकीचं नाव लावून आपणच आपल्या फळाची चुकीची परीक्षा घडवून आणतो. २०१४ मध्ये जो जीआय टॅग (म्हणजे ठराविक भागातल्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळाला तो पण 'नागपूर ऑरेंज' याच नावाने, त्यामुळे एकट्या या गटाला दोष देऊन उपयोग नाही हे मला कळतं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय मिळाला तो 'स्वीट ऑरेंज' म्हणून. म्हणजे सरकारी कागदावर सुद्धा दोघी ऑरेंज.

मग मँडरिन बरोबर का? शास्त्राच्या दृष्टीने हो, स्टिकरवर बारीक अक्षरात छापलेलं तेच खरं तर सगळ्यात अचूक. आणि त्या शब्दाची गोष्ट ऐकाल तर उडालच. मँडरिन म्हणजे चीनच्या बादशहाचे मोठे अधिकारी. त्यांना हा शब्द पोर्तुगीजांनी लावला, पोर्तुगीजांनी तो मलय भाषेतल्या 'मंतेरी' वरून घेतला, आणि मलय लोकांनी 'मंतेरी' घेतला संस्कृतातल्या 'मंत्रिन्' वरून. आपला मंत्री! फळाला तो का चिकटला तर त्या अधिकाऱ्यांच्या झग्यांच्या रंगावरून असावा असं सांगतात. तर डब्यावर समोर नारंग आणि बाजूला मंत्री, दोन्ही आपलेच शब्द, दोन्ही परदेश फिरून आलेले, आणि घरचा संत्रा रेटकार्डाच्या कोपऱ्यात.

संत्रा शब्दाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते की तो पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला. लिस्बनच्या जवळ हे गाव आहे, आणि ऐकायला एकदम फिट बसतं. मला ते पटत नाही. बाबराने आपल्या आठवणींमध्ये हिंदुस्थानातल्या फळांबद्दल लिहिताना नारंज वेगळं आणि 'संगतरा' वेगळं असं लिहून ठेवलंय, संगतरा सालीला खडबडीतपणा नसलेला असं वर्णन पण केलंय. बाबर इथे आला १५२६ ला आणि गेला १५३० ला. पोर्तुगीज गोव्यात येऊन तेव्हा वीस वर्षं पण झाली नव्हती. एवढ्यात लिस्बनजवळच्या गावाचं नाव पार उत्तर हिंदुस्थानात पोचून, फारसी वळणाचं होऊन, लोकांच्या तोंडी रुळून बाबराच्या कानावर गेलं? अवघड आहे. मोसंबी मोझांबिकची म्हणून संत्राही पोर्तुगीजांच्याच गावचा असणार असं कुणीतरी जोडून टाकलं असावं. नेपाळीत 'सुन्तला' आहे तो याच संगतऱ्याच्या घरातला वाटतो. बंगाली आणि आसामीत मात्र हे नावच नाही, तिथे 'कमला'. रंगालासुद्धा कमला. कानडीत 'कित्तळे', त्याचा यातल्या कशाशीच मेळ बसत नाही.

आणि आपल्याकडे पण एकमत कुठाय. विदर्भात संत्रा, संत्रे, पुल्लिंगी. पुण्याकडे संत्रं, संत्री, नपुंसकलिंगी. मी दोन्ही बोलतो, माणूस बघून. शिवाय देशी दारूच्या दुकानात 'संत्रा' मागितला तर बाटली येते, 'नारंगी' आणि 'मोसंबी' पण त्या दुनियेत दारूचीच नावं. ज्या शेतकऱ्याच्या घामावर हा भाग उभा आहे त्याच्या फळाचं नाव दारूच्या बाटलीवर ठळक मराठीत आणि फळाच्या डब्यावर इंग्रजीत, हे मला खरंच खुपतं. नागपुरात हे झाड रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून लावलं असं सांगतात, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटीशेवटी. तेव्हापासून काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी इथल्या माणसांनी जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर डोळे भरून (म्हणजे कलम करून), मे महिन्यात टँकरने पाणी घालून, फळगळ झाली की डोक्याला हात लावून या बागा जगवल्यात. त्यांच्या तोंडात शब्द संत्राच आहे. बागेत उभं राहून कुणी 'यंदा ऑरेंज कसं आलंय' विचारत नाही.

हे सगळं एवढं लांब नाही, पण थोडक्यात मी त्या गटातल्या दादांना फोनवर बोललो. ते ऐकून घेणारे निघाले. म्हणाले की डब्याचं डिझाईन करणाऱ्याने सांगितलं शहरात लोक ऑरेंज टाकूनच शोधतात, म्हणून तसं छापलं. त्यांची अडचण खरी आहे. मग मी म्हटलं, समोर मोठ्या अक्षरात 'नागपुरी संत्रा', खाली बहार लिहा, अंबिया की मृग, त्याच्या खाली तोडणीची तारीख, आणि ऑरेंज-मँडरिन जे काय आहे ते मागच्या बाजूला शोधणाऱ्यांसाठी ठेवा. आणि एक ओळ, 'साल हिरवट असली तरी फळ पिकलेलं आहे'. त्या एका ओळीने त्यांचे निम्मे तक्रारीचे फोन कमी होतील. पुढच्या छपाईला बघतो म्हणाले. बदललं तर मी इथे येऊन पाचवा स्टार देईन, नक्की.

आता घेणाऱ्यांसाठी. पेटी आली की लगेच उघडा, बंद ठेवू नका, आत उष्णता धरते. मऊ पडलेली आणि डाग असलेली आधी बाजूला काढा आणि ती त्याच दिवशी खाऊन किंवा रस काढून संपवा, एकाला बुरशी आली की शेजारचं गेलंच म्हणून समजा. बाकीची टोपलीत मोकळी पसरून ठेवली तर हिवाळ्यात आठवडाभर छान राहतात, फ्रीजमध्ये ठेवायची तर कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये पाणी सुटतं. रस काढायचा असेल तर मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, कडू होतो, हाताने पिळा किंवा साधं पिळायचं यंत्र वापरा, आणि लगेच प्या, ठेवला तरी कडवटपणा येतो. साली फेकू नका, सावलीत वाळवून पावडर केली तर चहात चिमूटभर मस्त लागते.

दुसऱ्या कुणाकडूनही मागवणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा, किन्नो की नागपुरी, आणि कुठला बहार. ज्याला उत्तर देता येत नाही तो शेतकरी नाही, मधला व्यापारी आहे, मग मंडईतूनच घ्या. लहान मुलं असतील आणि आंबट चालत नसेल तर आत्ता छोटी पेटी घ्या आणि मृगाच्या मालाची वाट बघा. तो फेब्रुवारीत सुरू होईल असं दादांनी सांगितलंय, बुकिंग आत्तापासून घेतायत, मी १० किलोचं नाव लावलंय.